स्लीप ॲप्निया आणि वजन घटवण्याची शस्त्रक्रिया

आजार: झोपेत घशाचे स्नायू सैलावतात आणि श्वासमार्ग मिटतो. श्वास 10 सेकंद किंवा अधिक थांबला, की तो एक ॲप्निया. घोरता घोरता एकदम शांतता, मग दचकून घेतलेला मोठा श्वास. रुग्णाला याचा पत्ताही नसतो. शेजारी झोपणारा मात्र जागा होतो.

तीव्रता: तासाला 5 ते 14 अडथळे सौम्य, 15 ते 29 मध्यम, 30 किंवा अधिक तीव्र.

शस्त्रक्रियेआधी
• आठ प्रश्नांची ‘स्टॉप-बँग’ चाचणी. शंका आल्यास स्लीप स्टडी.
• उपचार: सीपॅप यंत्र. मास्कमधून येणारा हवेचा दाब घसा उघडा ठेवतो. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये ही पद्धत मांडली.
• दाखल होताना स्वतःचं यंत्र आणि मास्क सोबत हवेत. भूलतज्ज्ञाला आजाराची पूर्वकल्पना हवीच.

पहिल्या रात्री: भुलीचा अंमल आणि ओपिऑइड वेदनाशामकं यांमुळे धोका वाढतो. डोक्याकडची बाजू उंच, बोटाला ऑक्सिमीटर, झोपताना सीपॅप. नुसता ऑक्सिजन हा सीपॅपला पर्याय नाही; त्याने मिटलेला घसा उघडत नाही.

वजन उतरल्यावर
• चेहरा बारीक होतो, मास्क सैल पडतो, कडेने सुटणारी हवा डोळ्यांत जाते. नव्या मापाचा मास्क लागतो.
• पूर्वीचा दाब जास्त वाटू शकतो. तो डॉक्टरांकडून बदलून घ्यावा.
• घोरणं थांबलं म्हणजे आजार गेला, असं नाही. अनेकांमध्ये तो सौम्य होतो, पण उरतो. वजन स्थिरावल्यावर पुन्हा स्लीप स्टडी. तोवर यंत्र परस्पर बंद करू नये.
• वजन परत वाढलं, तर ॲप्नियाही परतू शकतो.