एका युरोला विकलेली मोटारसायकल कंपनी आणि आपली उधारी

पुणे-बेंगळुरू महामार्गालगतच्या शिरोली एमआयडीसीत बिडाचे ओतकाम, मशीनिंग आणि सुट्या भागांचे अनेक कारखाने आहेत. गोकुळ शिरगाव, कागल आणि जुने शिवाजी उद्यमनगर धरले तर कोल्हापूर परिसरात तीनशेच्या आसपास फाउंड्री आहेत. प्रत्येक फाउंड्रीमागे पॅटर्न करणारे, ग्राइंडिंग करणारे, लेथवर जॉबवर्क करणारे, भंगार पुरवणारे असे कितीतरी छोटे धंदे चालतात. यांतील बऱ्याच जणांचा माल शेवटी कोणत्या तरी नामांकित कंपनीच्या ट्रॅक्टरमध्ये, ट्रकमध्ये किंवा दुचाकीत बसतो. ती कंपनीच विकली गेली तर? नवा मालक परदेशी असेल तर? ऑर्डर कोण देणार आणि थकलेले बिल कोण चुकते करणार? हे समजून घ्यायला इटलीतील एका मोटारसायकल कंपनीची हकिकत उपयोगी पडते. तिचा एक धागा पुण्यापर्यंत येतो, म्हणून ती आपल्याही कामाची आहे.

नाव मोठे, मालक अनेक

एमव्ही अगुस्ता ही कंपनी १९४५ मध्ये उत्तर इटलीत, वारेसे शहराच्या परिसरात सुरू झाली. अगुस्ता घराण्याचा मूळ धंदा विमानांचा होता. महायुद्धानंतर ते मोटारसायकलकडे वळले. शर्यतींच्या दुनियेत या नावाचा एवढा दबदबा होता की, जगप्रसिद्ध स्वार जाकोमो अगोस्तिनी याने आपल्या १५ विश्वविजेतेपदांपैकी १३ याच गाडीवर मिळवली. मात्र १९७१ मध्ये कंपनीचे सूत्रधार डोमेनिको अगुस्ता यांचे निधन झाले आणि १९८० च्या सुमारास मोटारसायकलचे उत्पादन थांबले.

पुढे वारेसेच्याच काजिवा कंपनीने हे नाव घेतले आणि १९९७ मध्ये एफ-४ ही नवी गाडी जगापुढे आणली. गाडीची वाहवा झाली, पण कर्ज वाढत गेले. डिसेंबर २००४ मध्ये मलेशियाच्या प्रोटॉन कंपनीने ७ कोटी युरो देऊन ५७.७५ टक्के हिस्सा घेतला. वर्षभरातच, डिसेंबर २००५ मध्ये, प्रोटॉनने तोच हिस्सा एका इटालियन कंपनीला अवघ्या एका युरोला देऊन टाकला. २००८ मध्ये अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसनने कर्जासह सुमारे ७ कोटी युरोंचा सौदा करून एमव्ही अगुस्ता विकत घेतली. दोनच वर्षांत, २०१० मध्ये, हार्लेने ती नाममात्र किमतीत जुन्या मालकाला परत केली. इतकेच नव्हे, तर धंदा चालू राहावा म्हणून वरून २ कोटी युरोही घातले.

त्यानंतर जर्मनीच्या मर्सिडीज-एएमजीने काही काळ २५ टक्के हिस्सा ठेवला. मग रशियन उद्योजक सार्दारोव्ह कुटुंबाचे भांडवल आले. २०२२ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएम समूहाने २५.१ टक्के हिस्सा घेतला आणि २०२४ मध्ये तो निम्म्याच्या वर नेला. केटीएमच अडचणीत आल्यावर २०२५ च्या सुरुवातीस ताबा पुन्हा सार्दारोव्ह कुटुंबाकडे गेला.

एक युरो ही किंमत कशी?

एवढी नामांकित कंपनी एका युरोला, हे ऐकून नवल वाटते. हिशेब मात्र साधा आहे. समजा, एखाद्या वर्कशॉपची शेड, मशीन आणि तयार माल मिळून ४० लाखांचा आहे, आणि बँकेचे कर्ज व लोकांची देणी मिळूनही ४० लाखच आहेत. घेणारा सर्व देणी अंगावर घेत असेल, तर तो मालकाला वेगळे पैसे का देईल? एक रुपया ही केवळ कागदावरची रक्कम. खरी किंमत म्हणजे त्याने उचललेले कर्ज. प्रोटॉनकडून हिस्सा घेणाऱ्यालाही कर्जाचा मोठा बोजा उचलावा लागला होता.

इथे एक फरक ध्यानात घ्यावा. कंपनी दोन रीतीने विकली जाते. पहिली रीत शेअर विकण्याची. यात कंपनी तीच राहते, फक्त मालक बदलतो, म्हणून जुनी देणीही कंपनीवरच राहतात. दुसरी रीत धंदा किंवा मालमत्ता विकण्याची. यात नाव, ड्रॉइंग, मशीन असे जे सौद्यात ठरेल तेवढेच नव्या मालकाकडे जाते. उरलेली देणी जुन्या कंपनीकडेच राहू शकतात. आपल्याकडे २००८ मध्ये महिंद्राने कायनेटिक मोटरचा दुचाकी व्यवसाय घेतला तो दुसऱ्या रीतीने. ११० कोटी रुपयांना तो व्यवसाय एका नव्या कंपनीत गेला आणि कायनेटिकला त्यात २० टक्के हिस्सा मिळाला. म्हणून आपली पार्टी विकली गेल्याचे कानावर आले की पहिला प्रश्न हा विचारावा: विक्री शेअरची की धंद्याची? आपले बिल सौद्याच्या कोणत्या बाजूला पडले आहे?

काम कुठे राहते?

मालक परदेशी झाला म्हणजे काम बाहेर जातेच असे नाही. इटलीची डुकाटी २०१२ मध्ये जर्मनीच्या औडीने घेतली, पण तिचा कारखाना आजही बोलोन्यातच आहे. उलट १९११ मध्ये पेझारो इथे सुरू झालेली बेनेली २००५ मध्ये चीनच्या चिआनजिआंग कंपनीकडे गेली, तेव्हा आरेखनाचे काम पेझारोत राहिले आणि गाड्या मुख्यतः चीनमध्ये बनू लागल्या. नव्या मालकाकडे स्वतःचे स्वस्त पुरवठादार असतील, तर जुन्यांच्या ऑर्डर कमी होतात. ज्याचा पूर्ण धंदा एकाच पार्टीवर उभा आहे, त्याला याची झळ सर्वांत आधी लागते.

पुण्याचा धागा

१९६० च्या दशकात पुण्याची बजाज ऑटो इटलीच्या पियाजिओकडून परवाना घेऊन व्हेस्पा स्कूटर बनवत होती. पुढे बजाज स्वतःच्या पायावर उभी राहिली. २००७ मध्ये तिने केटीएमचा १४.५ टक्के हिस्सा घेतला, हळूहळू तो वाढवला आणि केटीएमच्या लहान गाड्या चाकणच्या कारखान्यात बनू लागल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएमने ऑस्ट्रियात दिवाळखोरीचा अर्ज केला. न विकलेल्या गाड्यांचा साठा आणि वाढलेले कर्ज ही त्याची मोठी कारणे होती. बजाजने एकूण ८० कोटी युरोंची तजवीज केली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीचा ताबा घेतला. एकेकाळी परवान्यावर स्कूटर बनवणारी पुण्याची कंपनी युरोपातील मोठ्या कंपनीची मालक झाली, याचा आनंद आहेच.

पण पुरवठादाराच्या नजरेने यातील दुसरी बाब पाहावी. फेब्रुवारी २०२५ मध्ये केटीएमच्या देणेकऱ्यांनी जी योजना मान्य केली, तिच्यानुसार त्यांना येण्याच्या ३० टक्के रोख मिळायचे होते. म्हणजे ज्याचे १० लाख अडकले, त्याच्या हाती ३ लाख. कारखाना वाचला, नाव वाचले. माल देऊन बसलेल्यांचे ७० टक्के गेले.

आपला कायदा काय सांगतो?

भारतात २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात तारण घेऊन कर्ज देणाऱ्या बँका पुढे असतात आणि माल किंवा जॉबवर्क उधारीवर देणारे बरेच मागे. शिवाय थकबाकी १ कोटीच्या आत असेल, तर त्या कायद्याखाली अर्जच करता येत नाही. म्हणून छोट्या कारखानदाराने पार्टी बुडण्यापूर्वीच जागे असले पाहिजे. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

एक, उद्यम नोंदणी करून घ्यावी. ती मोफत आहे. २००६ च्या कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु कारखानदाराचे आणि जॉबवर्क करणाऱ्याचे बिल, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला नोंदणी मिळते, पण या तरतुदीचा लाभ मिळत नाही. त्याने उधारीची मर्यादा स्वतःच ठरवावी.

दोन, नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा. २०२३ च्या अर्थसंकल्पात आलेल्या तरतुदीमुळे, अशा कारखानदाराचे पैसे मुदतीत न दिल्यास ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च आयकरात वजा करता येत नाही. त्यामुळे पार्टीचा अकाउंटंटच आपले बिल वर काढतो.

तीन, चलन, पोच आणि परचेस ऑर्डर जपून ठेवावी. तोंडी हिशेब जुन्या मॅनेजरबरोबर जातो. नवा मालक सही पाहतो.

चार, पॅटर्न आणि डाय कोणाच्या मालकीचे, हे लिहून घ्यावे. जॉबवर्कसाठी आलेल्या मालावर आपण मेहनत केली असेल, तर त्या कामाची मजुरी मिळेपर्यंत तो माल ठेवून घेण्याचा हक्क १८७२ च्या करार कायद्याचे कलम १७० देते. करारात याच्या उलट अट नाही ना, हे आधी तपासावे.

पाच, एका पार्टीकडे किती रक्कम अडकू द्यायची, ते आधीच ठरवावे. पेमेंट एका महिन्यावरून तीन महिन्यांवर गेले आणि ऑर्डर मात्र वाढत असेल, तर तो धोक्याचा इशारा समजावा.

एमव्ही अगुस्ताचे मालक कितीदा तरी बदलले, पण नाव अजून बाजारात आहे. बिलावर पार्टीचे नाव कितीही मोठे असले, तरी शिरोलीच्या छोट्या शेडचा मालक, त्याचा कामगार आणि भंगारवाला यांचा महिना भागतो तो खात्यावर जमा झालेल्या रकमेवर. तेव्हा या महिन्याअखेरीस वही उघडून ४५ दिवसांवर गेलेली बिले वेगळी काढावीत आणि त्यांची लेखी मागणी पाठवावी.