एका सिस्टरकडे किती पेशंट? हा आकडा कायद्यानं ठरवावा का?

या आठवड्याचा भाग ज्यांना ऐकायचा नाही, वाचायचा आहे, त्यांच्यासाठी हा मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'काय ना' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

घरातलं कुणी अ‍ॅडमिट होणार असेल तर आपण काय काय विचारतो? डॉक्टर कोण आहेत, मेडिक्लेम चालतो का, रूमचं भाडं किती, डिपॉझिट किती. एक प्रश्न मात्र जवळपास कुणीच विचारत नाही. रात्री दोन वाजता या वॉर्डात किती सिस्टर असतात, आणि एका सिस्टरकडे किती पेशंट असतात?

डॉक्टर दिवसातून एक-दोनदा राउंडला येतात. बाकीचे चोवीस तास पेशंटवर नजर असते ती सिस्टरची किंवा ब्रदरची. ऑपरेशननंतर बीपी हळूहळू उतरतंय, श्वास जरा जड झालाय, पेशंट असंबद्ध बोलायला लागलाय, या गोष्टी आधी तिला दिसतात. ती डॉक्टरांना फोन करते आणि पुढची चक्रं फिरतात. पण हे दिसायला ती त्या बेडपाशी पोचली पाहिजे ना?

आधी जरा गणित

समजा तीस बेडचा वॉर्ड आहे. बीपी, ताप, नाडी बघून चार्टवर लिहायला एका पेशंटमागे चार मिनिटं धरा. तीस पेशंट म्हणजे दोन तास. यात इंजेक्शनं नाहीत, सलाईन बदलणं नाही, नवीन अ‍ॅडमिशन नाही, नातेवाइकांची विचारपूस नाही. हेच पाच पेशंट असतील तर काम वीस मिनिटांत होतं. म्हणजे शेवटच्या बेडवरच्या माणसाची तब्येत बिघडली तर ते वीस मिनिटांत कळणार की दोन तासांनी, हे त्या रात्री किती जणींची ड्युटी लागलीय यावर ठरतं.

आता गंमत बघा. 'एकास पाच' हे प्रमाण ऐकायला छान वाटतं. पण ते मोजायचं कसं? तीस बेडना पाचनं भागलं आणि सहा जणी पगारपत्रकावर दाखवल्या, तर कागदावर एकास पाच झालं. त्या सहा जणी तीन पाळ्यांत वाटल्या की प्रत्येक पाळीत दोघी, म्हणजे एकीकडे पंधरा पेशंट. कुणाची साप्ताहिक सुट्टी, कुणाची मुलं आजारी, की रात्री एकटीवर तीस.

दुसऱ्या पद्धतीनं मोजा. प्रत्येक पाळीत एकास पाच, म्हणजे सहा जणी. तीन पाळ्यांना अठरा. सुट्ट्या आणि रजांसाठी तीस टक्के जादा धरले की चोवीसच्या आसपास. प्रमाण तेच, पण एकीकडे सहा माणसं आणि दुसरीकडे चोवीस! म्हणून कुणी 'आमच्याकडे प्रमाण पाळलं जातं' म्हणालं की पहिला प्रश्न विचारायचा: पगारपत्रकावर की पाळीत?

आकड्यानं खरंच जीव वाचतो का?

2002 मध्ये अमेरिकेत लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या 168 हॉस्पिटलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटच्या बाबतीत, दर नर्समागे एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली. आता तुम्ही म्हणाल, जिथे नर्स जास्त तिथे पैसाही जास्त, मशिनंही चांगली, मग श्रेय नर्सचंच कसं? रास्त शंका आहे. म्हणूनच कायदा करून बघितलेल्या जागा महत्त्वाच्या ठरतात.

कॅलिफोर्नियानं 1999 मध्ये असा कायदा केला आणि तो 2004 पासून लागू झाला. आयसीयूत एका नर्सकडे जास्तीत जास्त दोन पेशंट, इमर्जन्सीत चार, साध्या वॉर्डात आधी सहा आणि नंतर पाच. सहाचे पाच करायची वेळ आली तेव्हा तिथले गव्हर्नर होते अर्नोल्ड श्वार्झनेगर, हो, तेच टर्मिनेटरवाले. त्यांच्या सरकारनं ती पायरी पुढे ढकलायचा प्रयत्न केला. नर्सेसची संघटना कोर्टात गेली आणि जिंकली.

दुसरं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचं. तिथे 2016 पासून 27 सरकारी हॉस्पिटलांच्या ठरावीक वॉर्डांत दिवसा एकास चार आणि रात्री एकास सात असं सरासरी प्रमाण बंधनकारक झालं. संशोधकांनी ही हॉस्पिटलं आणि कायदा लागू नसलेली 28 हॉस्पिटलं यांची आधीची-नंतरची तुलना केली. 2021 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: कायदा लागू झालेल्या ठिकाणी मृत्यू कमी झाले, पेशंट लवकर घरी गेले आणि परत अ‍ॅडमिट होण्याचं प्रमाण वाढलं नाही. जादा नर्सेसवर सुमारे 3 कोटी 30 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च झाले, तर वाचलेल्या बेड-दिवसांतून आणि टळलेल्या अ‍ॅडमिशनमधून सुमारे 6 कोटी 90 लाखांची बचत झाली, असा त्यांचा हिशोब आहे.

विरोधातली बाजूही ऐकू या

मॅसॅच्युसेट्समध्ये 2018 साली याच प्रश्नावर थेट जनतेनं मतदान केलं आणि सुमारे 70 टक्के लोकांनी 'नको' म्हटलं. छोटी हॉस्पिटलं बंद पडतील, इमर्जन्सीत थांबावं लागेल, अशी भीती होती. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावातलं पंधरा बेडचं नर्सिंग होम डोळ्यासमोर आणा. उद्या कडक नियम आला तर डॉक्टर एकतर बिल वाढवतील किंवा शटर खाली ओढतील.

दुसरी अडचण म्हणजे, नर्सचा आकडा पूर्ण करायचा म्हणून मावशी आणि वॉर्डबॉय कमी केले तर? मग बेडपॅन देण्यापासून स्ट्रेचर ढकलण्यापर्यंत सगळं सिस्टरच करणार. आकडा बरोबर, पण पेशंटसाठी वेळ तेवढाच.

तिसरं, सगळे पेशंट सारखे नसतात. वेल्सनं म्हणूनच 2016 च्या कायद्यात ठरावीक आकडा घातला नाही. ठरावीक वॉर्डांत पेशंट किती गंभीर आहेत ते बघून संख्या काढायची आणि तेवढ्या नर्स ठेवण्यासाठी पावलं उचलायची, अशी जबाबदारी तिथल्या आरोग्य मंडळांवर टाकली.

आणि आपल्याकडे?

भारतीय परिचर्या परिषदेचे निकष आहेत: शिकवणाऱ्या हॉस्पिटलांत एकास तीन, इतरत्र एकास पाच, वर रजांसाठी तीस टक्के. पण निकष म्हणजे कायदा नव्हे. आरोग्य हा विषय राज्यांकडे. महाराष्ट्रात खासगी नर्सिंग होमसाठी 1949 चा नोंदणी कायदा आहे. पात्र परिचारिकांचं योग्य प्रमाण नसेल तर नोंदणी नाकारता येते, असं त्यात आहे. चांगलं आहे. पण नोंदणीच्या वेळी दाखवलेली यादी वेगळी आणि आज रात्रीची ड्युटी वेगळी.

आता मला यात सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं ते सांगतो. ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले. खाटांपेक्षा जास्त पेशंट, रिक्त पदं, औषधांची टंचाई, अशी चर्चा राज्यभर झाली. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. आणि त्याच आठवड्यात एका खासदारांनी तिथल्या अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं. नोव्हेंबर 2021 मध्ये अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात आयसीयूला आग लागली, त्यात अकरा जण गेले. काही दिवसांत अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. दोन्ही घटनांची कारणं वेगवेगळी आहेत आणि कुणाचा दोष किती हे मी ठरवणार नाही. पण हात आधी कुणापर्यंत पोचतो ते बघा: त्या वेळी समोर उभ्या असलेल्या माणसापर्यंत. पदं वर्षानुवर्षं न भरणारी फाइल कधीच कुणाच्या समोर उभी नसते.

कायद्यात आकडा असण्याचा खरा उपयोग इथे आहे. आज सिस्टर म्हणाली की 'मी एकटी होते, तीस पेशंट होते', तर ती सबब ठरते. उद्या आकडा कायद्यात असेल तर तेच वाक्य पुरावा ठरेल, आणि प्रश्न ड्युटी लावणाऱ्यांना आणि पदं मंजूर करणाऱ्यांना विचारला जाईल.

'नर्स आणायच्या कुठून?' असं कुणी म्हणेल. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेली तुमची एखादी मैत्रीण असेलच. तिला विचारा, ती आखाती देशात किंवा इंग्लंडला जायची तयारी का करतेय. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्रानं नेमलेल्या समितीनं, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलांतही नर्सला महिना किमान 20,000 रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. शिफारसच ती. मुलींनी शिकून बाहेर जायचं आणि आपण 'मिळत नाहीत हो' म्हणायचं, हे किती दिवस चालणार?

म्हणून माझं उत्तर 'हो' आहे, पण चार अटींवर. आकडा पाळीनुसार मोजावा. मावशी-वॉर्डबॉयची संख्या त्यामुळे घटू नये. सुरुवात आयसीयू, नवजात कक्ष आणि मोठ्या हॉस्पिटलांपासून करावी, छोट्या नर्सिंग होमना मुदत आणि मदत द्यावी. आणि सरकारनं आधी स्वतःची रिकामी पदं भरावीत. सिव्हिलमध्येच नियम पाळला जात नसेल, तर खासगीवाल्यांना कुठल्या तोंडानं सांगणार?

कायदा येईल तेव्हा येईल. एक गोष्ट मात्र उद्यापासून करता येईल. 2021 च्या सुधारित नियमांनुसार खासगी हॉस्पिटलांना रुग्णहक्कांची सनद आणि ठरावीक सेवांचे दर लावावे लागतात. त्या बोर्डाशेजारी अजून एक ओळ हवी: 'आज या पाळीत इतके पेशंट, इतक्या परिचारिका.' ती ओळ लागेपर्यंत आपण विचारू या. सिस्टरवर ओरडून नाही हं, काउंटरवर, व्यवस्थापनाला. सरकारी हॉस्पिटल असेल तर माहिती अधिकारात अर्ज टाकून मंजूर पदं, भरलेली पदं आणि मागच्या महिन्याचा ड्युटी चार्ट मागवा.

तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणी नर्सिंगमध्ये असेल तर त्यांना एवढंच विचारा: काल रात्री तुमच्याकडे किती पेशंट होते? आलेलं उत्तर आम्हाला व्हॉइस नोटनं पाठवा, हॉस्पिटलचं किंवा कुणाचं नाव न घेता. पुढच्या भागात ती उत्तरं एकत्र ऐकू या. भेटू!