खेकडा, कावळा आणि कोळंबीचा विषाणू

कोळंबीच्या तळ्यात आजाराची पहिली खूण कळते ती चेक ट्रेमध्ये. दोरीला बांधलेली ही चौकोनी जाळी. तिच्यात मोजून खाद्य टाकतात आणि दोनेक तासांनी वर ओढून बघतात. खाद्य उरलं असेल तर काळजी. पाठीच्या कवचावरचे पांढरे ठिपके मागाहून दिसतात, कधी दिसतही नाहीत. "ठिपक्यांची वाट बघत बसलात तर तळं गेलंच समजा," रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या तळ्यावरचा तंत्रज्ञ सांगत होता. तो शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेला. रोग भडकला की तीन ते दहा दिवसांत जवळजवळ सगळी कोळंबी मरू शकते.

पांढऱ्या ठिपक्यांच्या या रोगाचा, म्हणजे व्हाइट स्पॉटचा, विषाणू 1990च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्व आशियात दिसला आणि काही वर्षांतच भारतात पोचला. विषाणूंच्या मानाने तसा थोराड, तरी लांबी मिलिमीटरच्या चार हजाराव्या भागाच्या आसपास. आत सुमारे तीन लाख बेस-जोड्यांचा डीएनए, भोवती प्रथिनांचं कवच, त्यावर स्निग्ध आवरण. पाण्यात असताना तो खात नाही, वाढत नाही, काहीच करत नाही. पेशीशी गाठ पडली की आवरणावरचं व्हीपी28 हे प्रथिन तिला चिकटतं आणि पेशीच त्याला आत ओढून घेते. डीएनए केंद्रकात शिरतो. मग पेशीचेच रायबोसोम, तिचीच ऊर्जा वापरून विषाणूची प्रथिनं तयार होऊ लागतात. केंद्रक फुगतं, पेशी मरते, नवे कण बाहेर पडतात. मेलेली कोळंबी बाकीच्या खातात, म्हणजे प्रसाराचं निम्मं काम त्याच करतात.

यावर औषध नाही. प्रतिजैविकं जिवाणूंची यंत्रणा बंद पाडतात. इथे स्वतःची यंत्रणाच नाही. कोळंबीला आपल्यासारखी प्रतिपिंडंही नसतात. म्हणून सगळी मेहनत तळ्याबाहेर. खेकडा स्वतः धडधाकट राहून विषाणू वाहतो, त्याच्यासाठी बांधावर गुडघाभर जाळीचं कुंपण. कावळा मेलेली कोळंबी उचलतो आणि दुसऱ्या तळ्यात टाकतो, त्याच्यासाठी वर दोऱ्या. प्रत्येक तळ्याची बादली वेगळी.

बीज सोडण्याआधी पीसीआर तपासणी होते. दर फेरीला डीएनएचा ठरावीक तुकडा दुप्पट. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटी. चाचणी उत्तम, पण ती नमुन्याची. लाखो पिल्लांतली शे-दीडशे निर्दोष निघाली एवढंच कागद सांगतो. 2009पासून आलेल्या व्हेनामी जातीच्या कोळंबीच्या बिजाला 'रोगमुक्त' म्हणतात, तेही अनेकजण चुकीचं समजतात. ते बीज विषाणूविना आलेलं असतं, विषाणूला दाद न देणारं नव्हे.

रोग लागल्यावर तळ्याचं पाणी सोडायचं फाटक लगेच उघडायचं नसतं. आधी ब्लिचिंग पावडर, काही दिवस थांबणं, मग पाणी खाडीत. बुडालेल्या माणसाला हा खर्च जड जातो, कारण त्यातून त्याचं काही वाचत नाही, वाचतं ते शेजाऱ्याचं. पुढच्या भरतीला त्याच खाडीचं पाणी शेजाऱ्याचा पंप ओढणार असतो.