गांधींच्या दहा रुपयांपासून संसदेच्या पंचाहत्तरपर्यंत

स्वतंत्र भारताची पहिली स्मारक नाणी 1964 सालची. पंडित नेहरू गेले त्याच वर्षी त्यांची मुद्रा असलेला एक रुपया आणि पन्नास पैसे निघाले, दोन्ही निकेलचे. लोकांनी ते मोडले नाहीत, देव्हाऱ्यात आणि कपाटात जपून ठेवले. सगळ्यांनीच जपल्यामुळे ते दुर्मीळ कधी झालेच नाहीत. पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये चर्चिलचा क्राउन (हे तिथले नाणे) निघाला, जवळजवळ 2 कोटी नग. तोही घरोघरी पडून राहिला आणि आज विकायला काढला तर किरकोळ पैसे मिळतात. नाणे दुर्मीळ होते ते लोकांनी हरवल्यामुळे, झिजवल्यामुळे, वितळवल्यामुळे. जन्मल्या दिवसापासून जे कापसात ठेवले जाते, त्याच्या वाट्याला हे सहसा येत नाही. स्मारक नाण्यांकडे गुंतवणूक म्हणून बघणाऱ्याने आधी हे समजून घ्यावे असे मला कळकळीने वाटते.

तरीही एका नाण्याने घेणाऱ्याला खरोखर चांगला हात दिला. 1969 साली गांधीजन्मशताब्दीला 10 रुपयांचे चांदीचे नाणे निघाले. वजन 15 ग्रॅम, चांदी 80 टक्के, म्हणजे शुद्ध चांदी 12 ग्रॅम. तेव्हाच्या भावाने ही चांदी दहा रुपयांपेक्षा कमीच किमतीची होती, पण म्हणूनच हा सौदा बिनधोक होता. दर्शनी किमतीला नाणे मिळाले, चांदी कितीही पडली तरी त्याचे दहा रुपये कुठे जात नव्हते, आणि चढली तर सगळा फायदा घेणाऱ्याचा. चांदी चढलीच. ऑक्टोबर 2024 मध्ये तिने किलोला 1 लाखाच्या आसपास मजल मारली. त्या भावाने नुसत्या धातूचे बाराशे रुपये होतात, 55 वर्षांत 120 पट. वर्षाला साधारण 9 टक्के पडतात. हे वाईट नाही. मात्र 1969 साली 10 ग्रॅम सोने 200 रुपयांच्या आत मिळत होते आणि 2024 मध्ये त्याने 75 हजारांचा टप्पा मागे टाकला. म्हणजे गांधींचे नाणे घेणाऱ्याच्या शेजाऱ्याने तेवढ्याच पैशांचे सोने घेतले असते, तर तो तिपटीहून पुढे असता. आणि एवढे करून नाण्याने जे दिले ते चांदीने दिले. स्मारक असण्याचा त्यात वाटा थोडका.

1972 साली स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी नाण्यात चांदी 50 टक्क्यांवर आली. पुढची काही वर्षे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या मोहिमेसाठी नाणी निघत राहिली, 'सर्वांसाठी अन्न', बचत, कुटुंबनियोजन असे विषय घेऊन. मुंबई टांकसाळीचे आरशासारखे चकाकणारे प्रूफ सेट याच काळातले. ते कमी पाडले गेले, बरेच परदेशी संग्राहकांकडे गेले. या साठ वर्षांत संग्राहकाची म्हणून वेगळी किंमत कुठे तयार झाली असेल तर ती अशा ठिकाणी, कमी नगांच्या सेटांत, आणि तेही मूळ डबीत, बोट न लागलेल्या स्थितीत.

आता दोन नाणी शेजारी ठेवून पाहा. 1982 च्या एशियाडचे 100 रुपयांचे नाणे 35 ग्रॅमचे, निम्मी चांदी. 2023 मध्ये नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाला काढलेले 75 रुपयांचे नाणेही 35 ग्रॅमचे, त्यातही निम्मी चांदी. दोन्हींत साडेसतरा ग्रॅम. 1982 साली या चांदीची किंमत पन्नासच्या आसपास होती, म्हणजे दर्शनी किमतीच्या निम्मी. 2023 साली तीच चांदी बाराशेच्या पुढे होती आणि टांकसाळ ग्राहकाकडून त्याहूनही कितीतरी जास्त घेत होती. गांधींच्या नाण्याखाली दहा रुपयांची जमीन होती. आताच्या नाण्यावर छापलेले पंचाहत्तर रुपये आधार म्हणून कुचकामी आहेत, आणि घेणारा पहिल्याच दिवशी चांदीच्या हिशेबाने तोट्यात उभा असतो. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीचे 2010 सालचे 1000 रुपयांचे नाणे आले, तेव्हापासून साठ, दीडशे, साडेतीनशे, साडेपाचशे असे आकडे येतच राहिले. ती बाजारात चालण्यासाठी नसतात, विकण्यासाठीच असतात.

एशियाडच्या नाण्याचेही गणित मांडून बघावे. ऑक्टोबर 2024 च्या भावाने शंभराचे चांदीत साडेसतराशे झाले, चाळीसहून अधिक वर्षांत. वर्षाला जेमतेम सात टक्के होतात. ऐंशीच्या दशकात बँकेची मुदत ठेव दहाच्या आसपास देत होती.

मधल्या काळातली चलनी नाणी मला स्वतःला सगळ्यांत प्रिय. 1990 चा बाबासाहेबांचा रुपया, 1999 चा ज्ञानेश्वरांचा रुपया, त्याच वर्षीचे शिवछत्रपतींचे दोन रुपये. मराठी घरांत ती श्रद्धेने ठेवलेली आढळतात आणि तशीच ठेवावीत. पण पुण्याच्या जुन्या बाजारात ती खोक्यांतून निवडून मिळतात, त्यातून फार तर टांकसाळीची खूण बघून (मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याला खूण नाही) एखादे कमी सापडणारे हाती लागते. 2012 च्या वैष्णोदेवीच्या पाच आणि दहा रुपयांना लाखो रुपये मिळतात अशा जाहिराती फिरतात, त्या निव्वळ फसवणूक आहेत. आधी 'कर' किंवा 'कमिशन' भरायला लावतात आणि गायब होतात. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये आपले नाव वापरून चाललेल्या अशा व्यवहारांबद्दल जाहीर सावधगिरीची सूचनाही दिली होती.

ज्याला हौस आहे त्याने स्मारक नाणी जरूर घ्यावीत. चांदीत पैसे ठेवायचे असतील तर सरळ चांदी घ्यावी. नाणी घरात आधीच असतील तर त्यांना चिंच, लिंबू, राख काही लावू नये. घासलेल्या नाण्याची संग्राहकाच्या दृष्टीने असलेली किंमत गेली की उरते फक्त वजन. डबी, प्रमाणपत्र आणि खरेदीची पावती एकत्र ठेवावी, आणि कोणते नाणे कोणत्या सेटमधले हे घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगून ठेवावे. वारसांनी सेट फोडून आपसांत वाटून घेतले, की व्यापारी उरलेले नाणे तराजूत टाकून चांदीचा भाव सांगतो.