हिरव्या सायीतले विष

रत्नागिरीच्या सड्यावरचा कातळ उन्हाळ्यात काळाकुट्ट दिसतो. तो काळा थर पुष्कळसा सायनोबॅक्टेरियांचा, म्हणजे नील-हरित जीवाणूंचा असतो. पाऊस लागला की तोच बुळबुळीत होतो आणि माणसे घसरतात. त्याहून मोठा त्रास तो सहसा देत नाही. भाताच्या खाचरात तर हीच मंडळी हवेतला नायट्रोजन बांधून पिकाला पुरवतात.

बिघडते ते सांडपाणी मिसळलेल्या, संथ आणि कोमट पाण्यात. कोल्हापूरच्या रंकाळ्यावर जी हिरवी साय धरते, तिच्यात मायक्रोसिस्टिस हा नील-हरित जीवाणू आढळला आहे. त्याचे काही वाण मायक्रोसिस्टिन हे विष तयार करतात. ते यकृताच्या पेशींतली काही विकरे बंद पाडते. पेशींचा सांगाडा ढासळतो, यकृतात रक्तस्राव होतो. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरात डायलिसिससाठी हे विष असलेले पाणी वापरले गेले आणि पन्नासच्या आसपास रुग्ण दगावले. इतर काही जातींची विषे मज्जासंस्थेवर घाला घालतात. त्यांतले सॅक्सिटॉक्सिन तर समुद्रातले वेगळेच सूक्ष्मजीवही बनवतात, आणि ते कालवांत, तिसऱ्यांत साठू शकते.

‘उकळून घेतले की झाले’ ही समजूत इथे धोक्याची. उकळल्याने जीवाणू मरतात, पण फुटलेल्या पेशींतले विष पाण्यात उतरते आणि तिथेच टिकते. पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिनची, आयुष्यभरासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा लिटरमागे अवघी १ मायक्रोग्रॅम आहे. तळ्यावर हिरवा रंग ओतल्यासारखा तवंग दिसला, तर गुरेसुद्धा तिथे पाण्यावर नेऊ नयेत.