बोरचे जंगल आणि आपली शेते

आपल्या वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यातील हिंगणीच्या पुढे बोर नदीवर धरण आहे. सहलीला जाणारे बहुतेक जण पाणी पाहून, डबे खाऊन परततात. परंतु त्या पाण्याचे आणि भोवतालच्या जंगलाचे नाते समजून घेण्यासारखे आहे.

धरण बांधले ते शेतीच्या ओलितासाठी. पण वैशाखात नाले आटले, सागाची पाने गळाली, की चितळ-सांबरे या जलाशयाकडे वळतात आणि त्यांच्यामागून वाघ येतो. १९७० साली येथे अभयारण्य झाले, २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. गाभा क्षेत्र मात्र सुमारे १३८ चौरस किलोमीटर. देशातील अगदी लहान व्याघ्र प्रकल्पांत याची गणना होते.

खरा प्रश्न येथेच आहे. वाघाचे पिल्लू साधारण दोन वर्षांचे झाले की आईपासून वेगळे होऊन स्वतःचा मुलूख शोधते. एवढ्याशा जंगलात तो मिळेलच असे नाही. मग पेंच वा ताडोबाकडे निघालेल्या वाघाची वाट कपाशी-तुरीच्या शेतांतून जाते. त्याच शेतात कोणी शेतकरी रात्री एकटाच ओलित करीत असतो, कोणाची गाय चरत असते. त्याला दिवसा वीज आणि गायीची भरपाई वेळेवर मिळाली, तरच तो वाघाला वाट देईल. मित्रहो, बोरला गेलात तर धरणाबरोबर वाटेतली ही शेतेही पाहा.