दिवा विझवायचा की दुखणं शोधायचं?

गाडीची किल्ली फिरवली की समोरच्या पट्टीवर दिवाळीसारखे सगळे दिवे लागतात आणि काही सेकंदांत विझतात. त्या दिवशी एक दिवा मात्र तसाच राहिला. लाल रंगाचा. बसलेला माणूस आणि त्याच्या पुढ्यात गोल फुगा. गाडी तर मस्त चालत होती. ना आवाज, ना धक्का. म्हटलं, राहू दे, रविवारी बघू.

तो रविवार उजाडायला दोन महिने लागले! या दोन महिन्यांत डोळ्यांच्या तपासणीसाठी मी आईला तीनदा जालन्याहून संभाजीनगरला आणलं. त्यातून दोनदा समृद्धी महामार्गानं. आई शेजारच्या सीटवर आणि समोर तो दिवा. तिनं एकदा विचारलंसुद्धा, "हे लाल काय गं?" मी म्हणाले, "काही नाही, असंच लागतं." आज ते उत्तर आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

मैत्रिणींनो, तो दिवा एअरबॅगचा होता. गाडी समोरून जोरात आदळली की ही पिशवी पापणी लवायच्या आत फुगते आणि आपलं डोकं, छाती स्टिअरिंगवर आपटू देत नाही. गाडी सुरू करताना ही यंत्रणा स्वतःला तपासते. सगळं ठीक असेल तर दिवा विझतो. तो लागूनच राहिला, तर कुठली तरी तार, जोड किंवा सेन्सर बिघडलाय असं समजायचं. अशा वेळी अपघात झाला तर पिशवी उघडेलच याची खात्री नाही. म्हणजे गाडीत एअरबॅग आहे, या भरवशावर मी ताशी शंभरच्या वेगानं आईला घेऊन फिरत होते, आणि तो भरवसाच मुळात पोकळ होता.

शेवटी नेहमीच्या गॅरेजमध्ये गेले. तिथला मुलगा हसला. "ताई, टेन्शन नका घेऊ. गाडी पळतेय ना? दोनशे रुपयांत दिवा बंद करून देतो." मोठ्या वर्कशॉपमध्ये गेले, तर तिथं सांगितलं, "एअरबॅगचं युनिट बदलावं लागेल. बेचाळीस हजार. साहेबांना फोन लावून देता का, त्यांच्याशी बोलून घेतो." गाडी मी चालवते, हप्ते मी भरले, आणि बोलायचं साहेबांशी! राग आलाच. पण खरं सांगू? रागापेक्षा गोंधळ जास्त होता. दोनशे की बेचाळीस हजार? त्याच महिन्यात लेकीची कॉलेजची फी भरायची होती. दोनशेचा मोह किती वाटला असेल, तुम्हीच विचार करा.

भावानं जुन्या शहरातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियन चाचांकडे पाठवलं. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. आधी मलाच विचारलं, "मॅडम, हॉर्न बराबर बजता क्या?"

आणि माझी ट्यूब पेटली! गेले कित्येक दिवस वळणावर हॉर्न दगा देत होता. सेव्हन हिल्सला रिक्षा आडवी आली तेव्हा मी बटण दाबतेय आणि आवाजच नाही. ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती, कारण या दोन्हींचा संबंध असेल असं वाटलंच नव्हतं. स्टिअरिंगच्या आत गुंडाळलेली एक पट्टीसारखी केबल असते. स्टिअरिंग फिरतं तशी ती उलगडते, पुन्हा गुंडाळली जाते. हॉर्नची आणि ड्रायव्हरच्या एअरबॅगची जोडणी तिच्यातूनच जाते. ती झिजून तुटली की हॉर्न मुका होतो आणि एअरबॅगचा दिवा लागतो. चाचांनी स्कॅनर लावला. त्यानंही ड्रायव्हरच्या बाजूची जोडणी तुटल्याचंच दाखवलं. युनिट धडधाकट होतं. केबल आणि मजुरी मिळून साडेसहा हजार लागले.

साडेसहा हजार म्हणजे काही कमी नाहीत. पण दोनशे रुपयांत दिवा विझला असता आणि दुखणं तसंच राहिलं असतं. तापाचं रोगी घरात असताना थर्मामीटरच फोडून टाकण्यासारखं.

ही सवय आपल्या सगळ्यांचीच आहे. सीटबेल्ट लावला नाही की गाडी टिंगटिंग करते. ती कटकट नको म्हणून नुसती क्लिप खाचेत अडकवून ठेवणारे आपल्या ओळखीत निघतीलच. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर या क्लिपांकडे सरकारचं लक्ष गेलं. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन कंपन्यांना त्यांची विक्री थांबवायला लावली. तेरा हजारांहून जास्त जाहिराती काढून टाकाव्या लागल्या! गंमत बघा, १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग आणि बेल्टची आठवण देणारा आवाज सक्तीचा झाला, आणि आपण त्या आवाजाचं तोंड बंद करायला पैसे मोजत होतो. बेल्ट नसेल तर एअरबॅग वाचवण्याऐवजी इजाही करू शकते, हेही लक्षात असू द्या.

आता थोडं कामाचं. ढोबळ नियम असा, की लाल म्हणजे थांबा आणि पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या.

तेलाच्या किटलीचा लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. 'घरापर्यंत जाऊ' म्हणालात तर इंजिनच हातचं जाईल. तापमानाचा दिवा लागला तरी थांबायचंच, पण गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, उकळतं पाणी अंगावर उडतं. ब्रेकचा लाल दिवा दिसला तर आधी हँडब्रेक वर राहिलाय का ते बघा. खाली असूनही दिवा असेल तर ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं. गाडी पुढे दामटू नका, मेकॅनिकला बोलवा. बॅटरीचा दिवा म्हणजे चार्जिंग होत नाही. गाडी थोडं अंतर जाईल, पण वाटेत कुठंही बंद पडेल.

एबीएसचा पिवळा दिवा लागला तर साधा ब्रेक लागतो, पण ओल्या रस्त्यावर जोरात दाबला की चाकं जाम होऊन गाडी घसरू शकते. पावसाळ्याआधी हे काम उरकायलाच हवं. इंजिनचा पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेज गाठता येतं. लुकलुकत असेल तर जास्त ताणू नका. एअरबॅगचा दिवा कुठल्याही रंगाचा असो, त्याला 'नंतर बघू' नाही. आणि त्याच्या तारा घरी उचकटायच्या नाहीत, ते जाणत्याचंच काम. सीटखाली छत्री, डबे, पिशव्या कोंबायची आपली सवयही सोडा. तिथल्या तारांचे जोड त्यानं सैल होतात.

दुरुस्तीला 'हो' म्हणण्याआधी तीन गोष्टी विचारा. स्कॅनरवर कोणता कोड आला, तो लिहून द्या. हाच भाग खराब आहे हे कशावरून ठरवलं? जुना भाग मला परत मिळेल ना? रक्कम मोठी असेल तर दुसरीकडेही दाखवा. आणि गाडीत अलीकडे काय काय वेगळं जाणवलं, ते सगळं सांगा. क्षुल्लक वाटलं तरी सांगा.

जुनी गाडी घेणार असाल तर किल्ली फिरवून एअरबॅगचा दिवा लागतो आणि विझतो की नाही ते पाहा. मुळीच लागत नसेल तर जास्त सावध व्हा. कुणीतरी तो 'दोनशे रुपयांत' बंद केलेला असू शकतो.

परवा आईला पुन्हा आणायला गेले होते. बेल्ट लावून झाल्यावर तिनं चष्मा सावरला आणि समोरच्या पट्टीकडे निरखून पाहिलं. "सगळे विझले बघ," ती म्हणाली, "आता चल."